एका बाजूची घरघर

थुंकीत जंतू नाहीत आणि छातीचा फोटो स्वच्छ आहे, असे दोन कागद हाती आले की टीबीचा विषय बहुतेक वेळा तिथेच मिटतो. डॉक्टरांच्या मनातून मिटतो आणि घरच्यांना तर हायसे वाटते. खोकला मात्र थांबत नाही. मग त्याला दुसरे नाव शोधले जाते. कुणी ॲलर्जी म्हणते, कुणी दमा, कुणी घशाची सूज, आणि काहीच हाती लागले नाही तर ‘टेन्शन’. श्वासनळीचा आणि तिच्यापासून निघणाऱ्या मोठ्या श्वासवाहिन्यांचा क्षय वाढतो तो याच काळात. ही पुस्तिका त्याच्या निदानाविषयी आहे. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशाताई यांना समोर ठेवून ती लिहिली आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी वाचली तर फारच चांगले, कारण हा आजार ओळखला जातो तो पुष्कळदा घरातले कुणीतरी चिकाटीने विचारत राहते म्हणून.

या एका आजारावर वेगळे लिहावे असे मला का वाटले, ते आधी सांगतो. क्षय कुठलाही असो, निदान लांबले की नुकसान होतेच. नळीच्या क्षयात मात्र ते नुकसान कायमचे होऊ शकते. औषधांनी जंतू मरतात, ताप जातो, वजन वाढते आणि कागदावर रुग्ण बरा होतो. पण आतला व्रण भरून येताना तिथे जी कठीण ऊती तयार होते ती आक्रसते आणि नळीला आवळते. एकदा आवळलेली नळी गोळ्यांनी उघडत नाही. सहा महिने इमानाने औषध घेतलेली माणसे जिना चढताना धापा टाकत परत येतात आणि विचारतात, “डॉक्टर, टीबी तर बरा झाला ना?” त्यांना खरे उत्तर देणे फार जड जाते. म्हणून या आजारात निदान झाले की नाही यापेक्षाही ते कधी झाले याला जास्त महत्त्व आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हाच आग्रह दिसेल.

प्रौढ माणसाची श्वासनळी साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. छातीत उरोस्थीच्या मागे तिचे दोन भाग होतात. उजवी मुख्य वाहिनी आखूड, रुंद आणि बरीचशी सरळ असते, जेमतेम अडीच सेंटिमीटरची. डावी जवळपास पाच सेंटिमीटर लांब, अरुंद आणि जास्त तिरपी असते, आणि ती महाधमनीच्या कमानीखालून जाते. डावीकडे नळी आवळण्याचे प्रमाण जास्त का दिसते, याचे एक स्पष्टीकरण तिच्या या रचनेत शोधले जाते. दोन्ही वाहिन्यांच्या आजूबाजूला लसिका ग्रंथींचे पुंजके असतात आणि क्षयाचे जंतू तिथे मुक्काम करतात. सुजलेली ग्रंथी वाहिनीच्या भिंतीला टेकते, भिंत कुरतडते आणि कधी आतच फुटते. लहान मुलांत हा मार्ग विशेष दिसतो. मोठ्यांत बहुधा वेगळे घडते. फुप्फुसातल्या जखमेतून जंतूंनी भरलेला कफ वर येत असतो, तो वाटेत अस्तराला चिकटतो आणि तिथे नवी जखम होते. याखेरीज शेजारच्या फुप्फुसातून थेट, लसिकावाहिन्यांतून किंवा रक्तातूनही आजार पोचू शकतो. फुप्फुसाचा क्षय असलेल्यांची दुर्बिणीने तपासणी केलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांत 10 ते 40 टक्के जणांच्या श्वासवाहिन्यांत क्षय आढळला आहे. म्हणजे हा दुर्मीळ आजार नाही. पाहिले जात नाही म्हणून तो दुर्मीळ वाटतो, एवढेच.

नळीची त्रिज्या कमी होत गेली की हवा जाण्याला होणारा अडथळा चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. श्वासनळी आठ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाली की श्रम करताना धाप लागते आणि पाचच्या आसपास आली की बसल्याजागीही श्वास पुरत नाही. रुग्ण महिनोन्महिने तग धरून असतो आणि मग आठवड्याभरात एकदम खालावतो, तो यामुळे. शेवटचे दोन मिलिमीटर फार झपाट्याने महाग पडतात.

आता हा आजार सापडत का नाही, ते पाहू. आपली सगळी तपासयंत्रणा फुप्फुसाच्या क्षयाभोवती उभी राहिली आहे आणि त्यात गैर काहीच नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि त्यातले बहुसंख्य फुप्फुसाच्या क्षयाचेच आहेत. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. छातीचा एक्स-रे काढला नसता तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्याजोगी लक्षणेच नव्हती. तेव्हापासून एक्स-रेवरचा भर वाढला आणि तो योग्यच आहे. पण नळीच्या क्षयात चित्र नेमके उलटे असते. लक्षणे ढळढळीत आणि एक्स-रे स्वच्छ. साध्या एक्स-रेत नळीच्या आतले अस्तर दिसत नाही. या आजाराच्या 10 ते 20 टक्के रुग्णांत एक्स-रे अगदी नॉर्मल असल्याचे नोंदले गेले आहे. ज्या साधनावर आपला भरवसा वाढला आहे तेच इथे दिशाभूल करते.

थुंकीचेही तसेच. नळीत इतका क्षय असताना कफात जंतू का सापडत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण जखमेवर अस्तर असेल, वाहिनी सुजेने किंवा घट्ट कफाने बंद झाली असेल, तर आतले बाहेर येतच नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत निदान पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. अनेक अभ्यासांत या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह निघाली आहे.

आणि तिसरी अडचण सामाजिक आहे. ती मला सर्वांत जास्त छळते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीनपट जास्त आढळतो आणि विशीतिशीतल्या तरुणींत त्याचे प्रमाण मोठे आहे. वाहिन्या मुळात अरुंद असणे हे एक कारण सांगितले जाते. खोकून कफ बाहेर काढण्याचा संकोच हे दुसरे. चारचौघांत खाकरून थुंकणे मुलींना शोभत नाही अशी शिकवण आपल्याकडे घरोघर आहे. कफ गिळला जातो आणि जंतू आतच रेंगाळतात. हे कारण मोजून सिद्ध करणे अवघड आहे, पण दवाखान्यात थुंकीची डबी हातात दिल्यावर एखादी मुलगी मान खाली घालून “मला बडका येतच नाही” म्हणते, तेव्हा मी त्या शक्यतेचा विचार करतोच. लग्न ठरायचे असेल तर टीबी हा शब्द घरात उच्चारायचीही चोरी होते. दमा म्हटले की सगळ्यांना बरे वाटते. दम्याला औषध आहे, दम्याची लाज नाही, दम्यासाठी सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागत नाही.

तर दमा ठरतो आणि पंप सुरू होतो. पंपाने फरक पडला नाही की दुसरा पंप. मग कोंडलेली छाती मोकळी व्हावी म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या. इथे खरा धोका आहे. स्टिरॉइडने अस्तराची सूज ओसरते, चार-सहा दिवस श्वास सुटतो, घरघर कमी होते, आणि ‘पाहा, दमाच होता’ असे सगळ्यांचे एकमत होते. त्याच वेळी शरीराचा प्रतिकार खाली येतो आणि जंतूंना मोकळे रान मिळते. गोळ्या थांबल्या की खोकला दुप्पट जोराने परततो. दुसरी तितकीच घातक सवय म्हणजे खोकला जात नाही म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक पाच-सात दिवस देऊन पाहणे. ही औषधे क्षयाच्या जंतूंवरही चालतात. त्यामुळे सगळे जंतू मरत नाहीत, पण दबतात, रुग्णाला तात्पुरता आराम पडतो, थुंकीची तपासणी निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते आणि निदान आणखी काही आठवडे पुढे जाते. वर प्रतिरोध तयार होण्याचा धोका राहतोच. दोन आठवड्यांपेक्षा जुन्या खोकल्यात क्षयाची तपासणी पुरी होईपर्यंत हे औषध लिहू नये, एवढी एक गोष्ट जरी वाचकांनी पाळली तरी पुस्तिकेचे बरेचसे काम होईल.

निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही, कानाने होते. दम्यात छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की दोन्ही बाजूंना, वरखाली, वेगवेगळ्या पट्टीतल्या बारीक शिट्ट्या ऐकू येतात. पंप दिल्यावर किंवा वेळ गेल्यावर त्या बदलतात. नळी एका जागी आवळली असेल तर एकच आवाज, एकाच पट्टीत, एकाच ठिकाणी आणि दर श्वासाला येतो. रुग्णाला खोकायला सांगा, पुन्हा ऐका. आवाज तिथेच असेल तर तो कफाचा नाही. उजव्या आणि डाव्या बाजूला समोरासमोरच्या जागा आळीपाळीने ऐकाव्यात. रुग्णाने तोंड उघडून खोल श्वास घ्यावा आणि पूर्ण सोडावा, घाई करू नये. आवळलेल्या बाजूला श्वासाचा आवाज क्षीणही असतो, आणि घाईत ऐकणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही. मुख्य श्वासनळीच अरुंद असेल तर श्वास आत घेताना गळ्याशी घरघर येते. ती ऐकायला स्टेथोस्कोपही लागत नाही, समोर बसलेल्या आशाताईंनाही ती कळू शकते. गर्दीच्या ओपीडीत सदऱ्यावरूनच पाठीवर दोन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवण्याची जी रीत पडली आहे, तिने हे सगळे हातचे जाते. एका रुग्णामागची दोन मिनिटे वाचतात आणि निदान चार महिन्यांनी लांबते.

खोकल्याची जातही विचारावी. या आजारात तो बहुधा कोरडा, ठणठणीत, घशातून भुंकल्यासारखा असतो आणि खोकल्याच्या औषधांना दाद देत नाही. थुंकीत रक्ताच्या रेषा, उरोस्थीच्या मागे दुखणे, एका बाजूला काहीतरी अडकल्याची भावना, हेही रुग्ण सांगतात. ताप आणि वजन घटणे असतेच असे नाही, आणि ते नाही म्हणून क्षय नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

यापुढचा टप्पा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याचा. ती आता अनेक मध्यम गावांत होते, पण अहवालातले आकडे वाचले जातात आणि आलेखाचा आकार पाहायचा राहून जातो. श्वासनळी पक्की आवळली असेल तर आलेखाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा सपाट होतात, कारण फुंकर कितीही जोराची असली तरी अरुंद जागेतून ठरावीक हवाच जाते. पंप देऊन चाचणी पुन्हा केली तरी सुधारणा नसते. मात्र आलेख नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये. एका बाजूची वाहिनी आवळली असेल तर सपाटपणा दिसेलच असे नाही, आणि फुप्फुसाचा एखादा भाग मिटला असेल तर आकडे भलत्याच आजाराकडे बोट दाखवतात.

थुंकीच्या तपासणीवर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथे थोडक्यात. थुंकी म्हणजे लाळ नव्हे, हे डबी देतानाच सांगायला हवे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला बेडका हवा. तो उघड्यावर, माणसांपासून दूर काढावा. मुलगी असेल तर आडोसा आणि सोबत एखादी परिचारिका, एवढ्यानेही नमुन्याचा दर्जा बदलतो. कफ येतच नसेल तर जास्त मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन काढता येतो, पण नळी खूप अरुंद असल्याची शंका असेल तर हे देखरेखीखालीच करावे, कारण वाफेने ती आणखी आवळू शकते.

नमुना रेणवीय चाचणीला पाठवावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये मान्यता दिलेल्या सीबीनॅट यंत्रावर दोन तासांच्या आत निकाल मिळतो आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही तेही कळते. सूक्ष्मदर्शकाला हजारो जंतू लागतात, तिथे याला मिलिलिटरमागे शंभर-सव्वाशेही पुरतात. ट्रूनॅट हे यंत्र तर आपल्या शेजारचे, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे. ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, म्हणून ते आरोग्य केंद्राच्या टेबलापर्यंत पोचले. 2020 मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आडवळणाच्या केंद्रात त्याच दिवशी निकाल मिळू शकणे ही साधी गोष्ट नाही, आणि मला तिचे मनापासून कौतुक आहे. तरीही यंत्रात टाकलेला नमुना जखमेपर्यंत पोचलेलाच नसेल, तर यंत्र कितीही हुशार असले तरी ‘नाही’ असेच म्हणणार. निगेटिव्ह अहवालाचा अर्थ ‘या नमुन्यात जंतू सापडले नाहीत’ इतकाच घ्यावा. कल्चर आणखी संवेदनशील असते, पण द्रव माध्यमात ते निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे आणि घन माध्यमात आठ आठवडे थांबावे लागते. तेवढा वेळ नळीकडे नसतो. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने 2012 मध्येच बंदी घातली आहे. मांटू ही त्वचेवरची किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह येण्याने शरीरात कधीतरी जंतू शिरला होता इतकेच कळते, आणि आपल्या देशात ते कोट्यवधी लोकांबद्दल खरे आहे.

एका बाजूची घरघर आणि निगेटिव्ह थुंकी अशी जोडी दिसली की छातीचा सीटी स्कॅन करावा. त्यात वाहिनीची भिंत जाड झालेली, आतली पोकळी वेडीवाकडी अरुंद झालेली दिसते. आजार चालू असेल तर कडा ओबडधोबड असतात आणि व्रण भरून आवळलेली असेल तर गुळगुळीत, भिंतही पातळ. शेजारच्या ग्रंथी, मिटलेला फुप्फुसाचा भाग, टोकाच्या बारीक वाहिन्यांत साचलेल्या मालाचे झुपकेदार ठिपके, हे सगळे सीटी दाखवतो. अरुंद भाग किती लांब आहे आणि त्याच्या पलीकडचे फुप्फुस जिवंत आहे का, हेही त्यातूनच कळते. पण ही सूज क्षयाची की कर्करोगाची, हे सीटी खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी आत जाऊन पाहावे लागते.

आत जाऊन पाहण्याची विद्या जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. 1897 मध्ये जर्मनीतल्या गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासवाहिनीत अडकलेले हाड सरळ धातूच्या नळीतून काढले. वळणाऱ्या तंतूंची लवचीक दुर्बीण जपानच्या शिगेतो इकेदा यांनी 1960च्या दशकात आणली आणि भूल न देताही फुप्फुसात डोकावता येऊ लागले. आजही ‘दुर्बीण घालायची’ म्हटले की घर हादरते. त्यात ‘तुकडा काढायचा’ हे दोन शब्द आले की कर्करोग ठरलाच असे समजून रडारड होते. म्हणून ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते इथेच सांगतो.

रुग्ण चार ते सहा तास उपाशी असतो. नाकात बधिर करणारी जेली, घशात लिग्नोकेनचा फवारा. घसा जाड झाल्यासारखा वाटतो, गिळता येत नाही असे वाटते, आणि तेव्हाच रुग्ण सर्वांत जास्त घाबरतो. हात धरून “श्वास चालू आहे, घेत राहा” असे सांगणारी परिचारिका त्या क्षणी औषधाइतकी मोलाची असते. शिरेतून थोडे गुंगीचे औषध, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. पेन्सिलीपेक्षाही बारीक दुर्बीण नाकातून स्वरयंत्रापाशी जाते, तिथे आणखी थोडे औषध सोडले जाते, जोराचा खोकला येतो आणि मग पडद्यावर नळीचे आतले दृश्य उलगडते. निरोगी अस्तर फिकट गुलाबी असते, त्याखालची कूर्चेची कडी स्पष्ट मोजता येतात. क्षय असेल तिथे कधी अस्तर लालभडक आणि इतके सुजलेले असते की कडी दिसेनाशी होतात. कधी भिंतीवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर चिकटलेला असतो आणि तो ओढला की खालून रक्त येते. कुठे बारीक दाणे, कुठे व्रण, कुठे गाठ. कुठे मुख्य वाहिनीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे भोक उरलेले असते आणि दुर्बीण पुढे जातच नाही.

कोरियातील चुंग आणि ली या डॉक्टरांनी अशा दृश्यांचे सात प्रकार केले आणि 2000 साली 81 रुग्णांच्या पाठपुराव्यातून त्या प्रकारांचे पुढे काय होते ते दाखवले. दाणेदार, व्रणाचे आणि साध्या, अविशिष्ट दाहाचे प्रकार बहुतेक पूर्ण बरे झाले. पांढऱ्या थराच्या 34 रुग्णांपैकी 22 जणांची वाहिनी उपचार घेऊनही आवळली. लाल, सुजलेल्या प्रकारात 11 पैकी 7 जणांची. जे आधीच आवळलेल्या अवस्थेत आले त्यांच्यात औषधांनी सुधारणा झाली नाही. मला या अभ्यासाचे महत्त्व फार वाटते, कारण दुर्बिणीचा उपयोग निदानापुरता नाही हे त्याने दाखवले. पहिल्याच दिवशी काय दिसले यावरून पुढची वाट कशी असेल त्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून दुर्बिणीच्या अहवालात ‘क्षयसदृश बदल’ असे दोन शब्द लिहून थांबू नये. कोणत्या वाहिनीत, कोणता प्रकार, किती अरुंद, दुर्बीण पलीकडे गेली का, हे लिहावे आणि फोटो जोडावा.

त्याच बैठकीत जखमेतून चिमट्याने तीन-चार कण काढतात, ब्रशने खरवडतात, मिठाचे पाणी सोडून परत ओढून घेतात. कणांत क्षयाच्या विशिष्ट पेशींचे पुंजके आणि मध्ये मृत ऊती दिसली तर निदान जवळपास पक्के होते. सगळे नमुने फॉर्मलिनच्या बाटलीत टाकण्याची चूक कुठेही होता कामा नये. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. एक भाग साध्या सलाइनमध्ये ठेवून रेणवीय चाचणी आणि कल्चरला पाठवायलाच हवा, कारण जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे त्यातूनच कळणार असते. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस येणारा कफही गोळा करावा, त्यात जंतू सापडण्याची शक्यता वाढलेली असते. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही, हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि सांगावे.

दुर्बीण घालताना रुग्ण खोकतो आणि खोलीतली हवा जंतूंनी भरते. तिथे उभे असलेले तंत्रज्ञ, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर यांच्या जिवाचा प्रश्न आहे. एन-95 मास्क, हवा बाहेर नेणारी यंत्रणा, अशा रुग्णाची पाळी दिवसाच्या शेवटी ठेवणे आणि दुर्बिणीची काटेकोर स्वच्छता यांत तडजोड चालणार नाही. नीट न धुतलेल्या दुर्बिणीतून एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याच्या अहवालात उतरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ज्यांची थुंकी आधीच पॉझिटिव्ह आहे त्यांना केवळ निदानासाठी दुर्बिणीची गरज नसते. पण त्यांच्यातही एका बाजूची घरघर असेल तर नळीची अवस्था पाहणे आवश्यकच आहे.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. एका बाजूची प्रत्येक घरघर क्षयाची नसते. लहान मुलात आधी शेंगदाणा किंवा चिंचोका आठवावा. पन्नाशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या माणसात कर्करोग, आणि क्षयाची गाठ दिसायला अगदी कर्करोगासारखीच असू शकते, म्हणून तपासल्याशिवाय कुठलेच नाव घेऊ नये. अतिदक्षता विभागात घशात नळी घालावी लागलेल्यांत पुढे श्वासनळी आवळते. आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आयाबायांत आणखी एक आजार दिसतो. दुर्बिणीतून त्यांच्या वाहिन्यांच्या तोंडाशी काळे डाग दिसतात, तिथे वाहिनी आवळलेली असते आणि उजव्या फुप्फुसाचा मधला भाग पुष्कळदा मिटलेला असतो. हा धुराचा परिणाम, पण त्याच्या जोडीला क्षयही बऱ्याचदा सापडतो. तेव्हा काळा डाग दिसला म्हणून ‘धूरच आहे’ असे ठरवून थांबू नये आणि क्षयाचा पुरावा नसताना क्षयाची औषधेही सुरू करू नयेत. नमुने पाठवावेत.

निदान झाल्यावर औषधे नेहमीचीच असतात. जंतू दाद देणारे असतील तर सहा महिने, रोज, वजनाप्रमाणे. सुरुवातीच्या सुजेत जोडीला स्टिरॉइड द्यावे की नाही यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि त्याची दोन्ही बाजूंची चर्चा उपचारांच्या प्रकरणात आहे. इथे लिहायचे ते पाठपुराव्याविषयी. चुंग आणि ली यांच्या अनुभवानुसार पहिल्या तीन महिन्यांतच नळी कोणत्या वळणावर आहे ते बरेचसे कळते. म्हणून रुग्णाला बरे वाटत असले तरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासावे, आणि पहिल्या दुर्बिणीत पांढरा थर, मोठी सूज किंवा गाठ असेल तर दुर्बीणही पुन्हा करावी. या टप्प्यावर अरुंद होऊ लागलेली जागा फुग्याने ताणता येते. काहींना ते पुन्हा पुन्हा करावे लागते, क्वचित स्टेंट किंवा शस्त्रक्रिया लागते. वाहिनी पूर्ण बंद होऊन पलीकडचे फुप्फुस कुजल्यावर यातले फारसे काही शक्य राहत नाही. उपचार संपले त्या दिवशी वजन आणि थुंकीबरोबर स्पायरोमेट्रीही करावी, एक प्रत रुग्णाच्या हाती द्यावी आणि जपून ठेवायला सांगावे. पुढे कधी धाप वाढली आणि रुग्ण नव्या दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी तोच कागद लागणार आहे.